कापसाची कोंडी

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरील ११ टक्के आयात जकात माफ केली, तेव्हा गिरणीवाल्यांनी या निर्णयाचे स्वागत केले आणि शेतकऱ्यांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. आरंभी ही माफी ३० सप्टेंबरपर्यंतच होती. पण दहा-बारा दिवस लोटण्यापूर्वीच तिची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने भारतीय मालावर एकंदर ५० टक्क्यांपर्यंत जकात बसविली होती व आपल्या कापड-धंद्यावर संकट कोसळले होते. तेव्हा त्याला निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, हा सरकारचा हेतू उघड होता. इतपत हकीगत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु अशा प्रसंगी गिरणी विरुद्ध शेत, शहर विरुद्ध खेडे असा नेहमीचा झगडा उभा करून एका बाजूची वकिली करण्याची जी सवय आपणांस जडली आहे, तिने मूळ प्रश्न दृष्टीआड होतो असे आमचे मत आहे. जकात असावी की नसावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे खरा. पण ती केव्हा, कोणत्या कापसावर आणि किती काळ राहणार हे पेरणाऱ्याला व सूत काढणाऱ्याला अगोदर कळणार की नाही, हा प्रश्न त्याहूनही महत्त्वाचा आहे. गेल्या पंधरा वर्षांचा अनुभव असा, की ते कोणालाच कळत नाही. आणि या लहरीपणाची किंमत जे सर्वांत दुबळे आहेत त्यांनाच मोजावी लागते.

ही जकात काही पूर्वापार चालत आलेली नव्हे. त्यापूर्वी बरीच वर्षे परदेशी कापूस आपल्या बंदरांत विनाजकात उतरत असे. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकाने त्यावर अधिभारासह ११ टक्के बोजा बसविला आणि त्याला शेतकऱ्याच्या संरक्षणाचे नाव दिले. पुरते सव्वा वर्ष झाले नाही तोच, १४ एप्रिल २०२२ रोजी ती जकात सप्टेंबरअखेरपर्यंत माफ झाली व पुढे ही मुदत आणखी एक महिना लांबविण्यात आली. त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारान्वये तेथील ५१,००० टन कापूस दरसाल विनाजकात घेण्याचे आपण मान्य केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसाला माफी मिळाली. आणि मग २०२५ साली पुन्हा सर्वच कापसाला दार मोकळे झाले. पाच वर्षांत इतक्या वेळा ज्याची कडी लागली आणि निघाली त्या दाराला धोरण म्हणावे की काय, याचा निर्णय आम्ही वाचकांवरच सोपवितो.

या प्रश्नाचा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी ती ही, की कापूस नावाची कोणतीही एकच वस्तू बाजारात नसते. आखूड धाग्याचा जाड देशी कापूस औषधी कापसाला, गाद्यांना आणि भरड सुताला चालतो. विदर्भ-मराठवाड्यात पिकतो तो मध्यम आणि लांब धाग्याचा कापूस रोजच्या वापराच्या कापडाला लागतो. तलम शर्टिंग, उंची चादरी यांच्यासाठी जो अतिलांब धाग्याचा कापूस हवा, तो आपल्याकडे मध्य प्रदेश, कर्नाटक व तमिळनाडूतील काही भागांत थोडाफार पिकतो. बाकीसाठी इजिप्त आणि अमेरिका यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. शिवाय परदेशी गिऱ्हाइकांसाठी कापड विणणाऱ्या गिरण्यांना कचरा, केस व प्लॅस्टिकचे दोरे यांपासून मुक्त असा कापूस लागतो आणि त्यापायी त्या ऑस्ट्रेलियाची व अमेरिकेची वाट धरतात. जो कापूस आपल्या शेतात जवळजवळ पिकतच नाही, त्याच्यावर जकात बसवून यवतमाळच्या शेतकऱ्याचे संरक्षण कसे होते, हे कोडे तीन वर्षे कोणी सोडविले नाही. २०२४ साली ती चूक दुरुस्त झाली. पण मधल्या काळात उंची कापड विणणाऱ्यांनी भरलेला भुर्दंड कोणाच्या उपयोगी पडला? शेतकऱ्याच्या तर निश्चितच नाही.

दुसरी गोष्ट अशी की, गिरणी म्हणजे तरी एकच गिरणी नव्हे. सुताच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा रुईचा असतो. त्यामुळे रुईच्या भावातील थोडीशी वाढही सूतगिरणीचा नफा खाऊन टाकते. तथापि ज्या मोठ्या गिरण्या निर्यात करतात त्यांना निर्यातीच्या बोलीवर कच्चा माल विनाजकात आणण्याचे परवाने मिळतात. जकात असली काय आणि नसली काय, त्यांच्यापुढे वाट मोकळी असते. जकातीचा खरा भार पडतो तो देशातल्या बाजारासाठी सूत काढणाऱ्या लहान व सहकारी सूतगिरण्यांवर. आणि त्यांच्यामार्फत इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी व सोलापूर येथील यंत्रमागवाल्यांवर. हा यंत्रमागवाला कापूस विकत घेत नाही, सूत घेतो. त्याला ना आयातीचा परवाना, ना साठा करण्याचे भांडवल. सुताचा भाव चढला की तो माग थांबवितो आणि माग थांबला की त्यावर राबणाऱ्या कामगाराची मजुरी थांबते. जकातीच्या पत्रकात या माणसाचे नाव कोठेही नसते. पण तिचा शेवटचा हप्ता तोच भरतो.

सूत आणि कापड यांपलीकडेही कापसाचे अनेक गिऱ्हाईक आहेत, आणि त्यांचा विचार तर कोणीच करीत नाही. एक क्विंटल कापूस पिंजला की त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते; बाकी बहुतेक सरकी. या सरकीचे तेल खाण्यात येते आणि पेंड दुभत्या जनावरांच्या पुढ्यात पडते. म्हणजे कापसाचा भाव ही केवळ कापडाची नव्हे, तर दुधाचीही बाब आहे. सरकीवर चिकटून राहिलेल्या बारीक तुसापासून सेल्युलोज काढतात व त्यापासून तोफगोळ्यांची दारू होते. रशिया-युक्रेन युद्धानंतर युरोपातील दारूगोळ्याच्या कारखानदारांना अकस्मात उमजले, की हे तूस आपण बहुतांशी चीनमधून आणतो आणि चीनने हात आखडला तर आपल्या तोफा मुक्या होतील. आपल्या खिशातील चलनी नोटांचा कागदही लाकडाच्या लगद्याचा नसतो, तो कापसाच्याच तंतूंचा असतो. इस्पितळातील पट्ट्या, गाद्यांची दुकाने आणि नोटांचा कागद करणारे कारखाने हे सगळे एकाच बोंडाचे वाटेकरी आहेत. त्यांतील एकाची तक्रार ऐकून बंधन घातले किंवा उठविले, की दुसऱ्या चौघांचे गणित चुकते.

याचे एक उदाहरण शिकण्याजोगे आहे. मे २०२५ च्या अखेरीस सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात जकात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. महागाईने गांजलेल्या शहरी गृहिणीला त्यामुळे दिलासा मिळावा, हा हेतू वावगा नव्हता आणि कापसाशी तर त्याचा वरवर पाहता काहीच संबंध नव्हता. परंतु परदेशी तेल स्वस्त झाले की सरकीच्या तेलाला कमी भाव येतो, सरकी उतरते, आणि सरकी उतरली की जिनिंगवाला शेतकऱ्याला कापसाचा भाव कमी करून देतो. मग ऑगस्टमध्ये रुईवरील जकात गेली. म्हणजे तीन महिन्यांच्या आत कापसाच्या दोन्ही अंगांवरचे संरक्षण काढून घेण्यात आले. आणि हे दोन निर्णय एकमेकांशी संबंधित आहेत, असे सरकारच्या कोणत्याही खात्याने उच्चारल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

आता शेतकऱ्याची बाजू पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. जागतिक बाजार मंद असताना खुल्या बाजारातील भाव त्याच्या खाली राहणार हे उघड होते. अशा वेळी शेतकऱ्याचा एकमेव आधार म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची खरेदी. महामंडळाने आधीच्या, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामात सुमारे एक कोटी गाठींएवढा कापूस घेतला, हे त्याच्या श्रेयाचेच आहे. परंतु महामंडळाच्या केंद्रावर कापूस घालावयाचा तर त्यातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो, नोंदणी झालेली असावी लागते आणि गाडी घेऊन ताटकळण्याची ऐपतही असावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके पाण्याखाली गेली. ज्याचे बोंडच भिजले, त्याने ओलाव्याची ही अट कशी पाळावी? तो आपला कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने देऊन मोकळा होतो.

येथेच जकातमाफीच्या मुदतीतील मर्म आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा कापूस दसऱ्याच्या आगेमागे घरी येऊ लागतो. सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची उधारी, मुलांची फी आणि दिवाळी यांपायी लहान शेतकरी तो फार दिवस घरात ठेवू शकत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हेच त्याचे विक्रीचे महिने. नेमक्या याच तीन महिन्यांसाठी दार मोकळे ठेवून जानेवारीपासून ते लावून घेण्याची तरतूद त्या निर्णयात होती. वर्षअखेर भाव चढले तर त्याचा लाभ ज्याच्या वखारीत माल आहे त्याला. आणि वखार कोणाची असते हे सांगावयास नको. शेतकऱ्यासाठी बसविलेली जकात शेतकऱ्याच्या विक्रीच्या वेळी नसावी आणि व्यापाऱ्याच्या विक्रीच्या वेळी असावी, याहून मोठी विटंबना कोणती? असे करण्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. दिल्लीत बसून पंचांग न पाहता मुदती ठरविल्या की असेच व्हावयाचे.

आयातीच्या दाराची ही कथा, तर निर्यातीच्या दाराची त्याहूनही उद्बोधक आहे. २०१०-११ च्या हंगामात जगभर कापसाचे दुर्भिक्ष झाले. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. असा योग शेतकऱ्याच्या आयुष्यात एखाद्याच वेळी येतो. परंतु आपल्या सरकारने त्या हंगामाच्या निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली, आणि गिरण्यांचीही नाराजी ओढवून घेण्यासाठीच की काय, सुताच्या निर्यातीवरही ७२ कोटी किलोंचे बंधन आणले. पुढे जगाचा भाव कोसळला तेव्हा महाग कापूस घेऊन बसलेल्या गिरण्या अडचणीत आल्या आणि वर्षअखेर विदर्भात भावासाठी आंदोलन पेटले. एवढ्याने शहाणपण आले म्हणावे, तर ५ मार्च २०१२ रोजी कापसाच्या निर्यातीवर संपूर्ण बंदी आली. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनीच तिला उघड विरोध केला आणि आठवडाभरात ती मागे घेण्याची नामुष्की सरकारवर आली. मंत्रिमंडळातील कृषिमंत्र्यालाही जो निर्णय मान्य नव्हता, तो परदेशी गिऱ्हाइकाने कसा समजून घ्यावा? भारत कबूल केलेला माल ऐन वेळी अडवून ठेवतो, ही अपकीर्ती एका आठवड्यात होते आणि धुऊन काढावयास वर्षे लागतात.

हे दोष केवळ दिल्लीचे आहेत असे समजून महाराष्ट्राने स्वतःची पाठ थोपटण्याचे कारण नाही. १९७२ पासून तीस वर्षे आपण एकाधिकार कापूस खरेदी योजना चालविली. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या जाचातून सोडविण्याचा तिचा उद्देश उदात्त होता, यात शंका नाही. परंतु तिने राज्याच्या सीमेचीच भिंत केली. शेजारच्या राज्यात भाव अधिक असला की आपला कापूस रातोरात सीमेपलीकडे जाई. आणि आपला भाव अधिक असला की पलीकडचा कापूस आपल्या केंद्रांवर येऊन थडके. अखेर हजारो कोटींचा तोटा पोटात घालून ती योजना मोडीत निघाली. भावाचा प्रवाह कागदाच्या बांधाने अडत नाही, हा धडा आपण फार महाग घेतला आहे. तो विसरणे परवडणारे नाही.

आणि मुंबई शहराला तर हा धडा त्याहून जुना आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. तेव्हा वऱ्हाडच्या आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले, मुंबईत सट्ट्याचा पूर लोटला आणि १८६५ साली युद्ध थांबताच तो ओसरून शेकडो पेढ्या उघड्या पडल्या. पुढे आपल्याच गिरण्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा लँकेशायरच्या हट्टापायी इंग्रज सरकारने १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर लादला. टिळकांनी त्याविरुद्ध रान उठविले. तरी तो कर जाण्यास १९२५ साल उजाडावे लागले. तो कर परक्यांनी परक्यांच्या हितासाठी लादलेला होता, म्हणून त्याचा अन्याय चटकन् ध्यानी येत असे. आपल्याच सरकारने आपल्याच हितासाठी, पण विचार न करता घातलेल्या बंधनांचा अन्याय तितका ठळक दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

येथे कोणी म्हणेल, की मग सगळीच बंधने उठवावी आणि व्यापाराला मोकळे सोडावे. आम्हांस हे मान्य नाही. जगाचा कापूस-बाजार मुळातच मोकळा नाही. अमेरिका आपल्या कापूस-शेतकऱ्याला भरघोस साहाय्य देते. त्याविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेपुढे दाद मागितली व २००५ साली अंतिम निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, तरी साहाय्य या ना त्या रूपाने चालूच राहिले. चीनच्या शिंजियांग प्रांतातील सक्तीच्या मजुरीचे कारण देऊन अमेरिकेने जून २०२२ पासून तेथील कापसाच्या कपड्यांना दार बंद केले. बांगलादेशाने एप्रिल २०२५ मध्ये जमिनीवरील नाक्यांतून येणारे आपले सूत अडविले, आणि पुढच्याच महिन्यात आपण तेथील तयार कपड्यांना न्हावाशेवा व कोलकाता या दोन बंदरांखेरीज वाट ठेवली नाही. ज्या बाजारात प्रत्येक जण कुंपण घालतो, तेथे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यानेच तेवढे उघड्यावर उभे राहावे, असा उपदेश करण्याचा अधिकार शहरी सुशिक्षितांना नाही.

परंतु कुंपण हे कुंपणासारखे असावे. म्हणून आमच्या सूचना थोड्या व स्पष्ट आहेत. पहिली, कापसाच्या आयात-निर्यातीचे नियम दरवर्षी पेरणीपूर्वी, म्हणजे मे महिन्यात हमीभावाच्या बरोबरच जाहीर व्हावेत आणि तो हंगाम संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. दुसरी, जकात धाग्याची लांबी पाहून ठरावी. जो कापूस आपल्याकडे पुरेसा पिकत नाही त्याला कायमची माफी असावी. तिसरी, सर्वसाधारण कापसावरील जकात हमीभावाशी बांधलेली असावी. बाजारभाव हमीभावाच्या खाली असेल तर ती लागू राहावी आणि भाव ठरावीक मर्यादेपलीकडे चढला तर ती आपोआप उतरावी, म्हणजे कोणाच्या शिष्टमंडळाला दिल्लीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. चौथी, निर्यातदार गिरणीला जी सवलत परवान्याने मिळते तिच्या तोडीचे काही साहाय्य लहान सूतगिरण्यांना व यंत्रमागाला मिळावे. आणि पाचवी, खाद्यतेलाच्या जकातीचा निर्णय घेताना सरकीचा हिशेब मांडला जावा.

अर्थात याने सर्व काही साधेल, अशा भ्रमात आम्ही नाही. २०१३-१४ साली देशात चार कोटींच्या जवळपास गाठी कापूस पिकला होता. २०२४-२५ मध्ये तो तीन कोटींच्या आसपास घसरला आणि बाहेरून सुमारे ४० लाख गाठी आणाव्या लागल्या. एके काळी जगाला कापूस पुरविणारा देश स्वतःसाठी कापूस मागवू लागला आहे. याचे कारण जकातीत नाही. ते गुलाबी बोंडअळीत, जुनाट झालेल्या बियाण्यांत आणि पावसाच्या भरवशावर टाकलेल्या शेतीत आहे. जगातील पुढारलेले देश हेक्टरी जितकी रुई काढतात त्याच्या निम्मीही आपली सरासरी भरत नाही, आणि महाराष्ट्राची तर देशाच्या सरासरीहूनही कमी. १९७० साली जगातील पहिला संकरित कापूस शेतात आणण्याचा मान सुरतेच्या संशोधन केंद्राने देशाला मिळवून दिला होता, हे आता आठवणीतच ठेवावयाचे काय? उत्पन्न दुप्पट झाले तर गिरणीला स्वस्त आणि शेतकऱ्याला किफायतशीर असा एकच भाव असू शकतो. ते होईपर्यंत मात्र एकाला दिले की दुसऱ्याचे काढून घ्यावे लागणार; म्हणूनच देण्याघेण्याचा नियम आधी ठरलेला आणि सर्वांना ठाऊक असलेला हवा.

जून महिन्यात जमिनीत सरकी टोकणारा शेतकरी निसर्गाचा जुगार जाणूनबुजून खेळतो. आभाळाच्या लहरीवर त्याचा इलाज नाही आणि त्याबद्दल तो तक्रारही करीत नाही. पण आभाळाच्या जोडीला सरकारच्याही लहरीचा अंदाज बांधण्याची पाळी त्याच्यावर यावी आणि तिकडे इचलकरंजीच्या कामगाराने उद्या माग चालेल की नाही याची चिंता करीत झोपावे, हे लोकशाही राज्याला शोभत नाही. या दोघांचे हित परस्परविरुद्ध आहे असे भासविणे सोयीचे असेल. पण ते दोघे एकाच धाग्याची दोन टोके आहेत. तो धागा दिल्लीने दर हंगामात झटके देऊन ओढला, तर तो कोठे तरी तुटणारच.